मुर्रीचे पाच विजय आणि योगराजभाऊंची परखी

योगराज रहांगडाले यांना कोणी सहज ‘कसं काय?’ असं विचारलं तर ते लगेच ‘बरं आहे’ म्हणत नाहीत. क्षणभर थांबतात, विचारणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतात आणि म्हणतात, “आतापर्यंत तं ठीक आहे.” यात नम्रता नाही, धंद्याची सवय आहे.

गेली एकतीस वर्षं ते गोंदियात चुन्नीलाल शेठच्या राइस मिलमध्ये तांदूळ तपासतात. हातात परखी असते, म्हणजे पोत्यात खुपसायची टोकदार पोकळ नळी. पोत्याच्या तोंडाशी माल नेहमी चांगलाच भरलेला असतो, हे या धंद्यातलं पहिलं ज्ञान. त्यामुळे परखी वरून, मधून आणि खालून मारायची. तीही एका पोत्याला नाही, लॉटातल्या निदान दहा पोत्यांना. मग दाणे ताटलीत पसरायचे, तुकडा वेगळा काढायचा, मोजायचा आणि एकच शब्द बोलायचा. पास, नाहीतर फेल. योगराजभाऊंनी पास केलेला लॉट आजवर परत आलेला नाही, असं मिलमध्ये सांगतात. त्यांच्या गावी, मुर्रीत, ते आणखी जरा वाढवून सांगतात.

त्यामुळे गावात त्यांचा शब्द तांदळापुरता राहिलेला नाही. बैल घ्यायचा असो, जावई पाहायचा असो, लोक त्यांना सोबत नेतात. एकदा निवडून आल्या-आल्या केशोरावांनी, म्हणजे गावच्या सरपंचांनी, कौतुकाच्या अपेक्षेनं विचारलं होतं, “काय योगराजभाऊ, माणूस कसा निवडला गावानं?” योगराजभाऊ म्हणाले होते, “पोतं अजून शिवलेलं आहे.” केशोराव हसले. हसण्यावाचून इलाज नव्हता.

असं सगळं सुरळीत चाललं असताना मुर्रीत बेसबॉल आला.

तो गजेंद्रनं आणला. गजेंद्र एका खाजगी शाळेत खेळाचा मास्तर. दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन तो बेसबॉलचं प्रमाणपत्र घेऊन आला आणि सगळ्यात आधी त्यानं ते लॅमिनेट करून घेतलं. बेसबॉलच का, याचं उत्तर त्यानं पालकांच्या सभेत प्रामाणिकपणे दिलं. “क्रिकेटच्या जिल्ह्यात किती टीमा आहेत ते कोणाले माहीत नाही. पोरींच्या बेसबॉलच्या आठ आहेत. आठात पयलं येणं सोपं, का दोनशेत?” एवढा स्वच्छ क्रीडाविचार पालकांनी यापूर्वी ऐकला नव्हता. पुढं खेळाडूंचा कोटा होता, कोट्याच्या पुढं पोलीस भरती होती. नऊ मुली उभ्या राहिल्या. त्यातली चेंडू फेकणारी, म्हणजे पिचर, होती रिंकी. योगराजभाऊंचं शेंडेफळ.

जिल्ह्याची लीग डिसेंबरात सुरू झाली. प्रत्येक संघाला बारा सामने. मुर्रीकडून कोणाला काही आशा नव्हती. खुद्द गजेंद्रनं कार्यक्रमपत्रिकेवर मुर्रीच्या नावापुढं पेन्सिलनं आठवा नंबर लिहून ठेवला होता.

आणि मुर्री पहिले पाचही सामने जिंकली.

तिसऱ्या विजयानंतर केशोरावांनी फ्लेक्स लावला. त्यावर नऊ मुलींचे नऊ छोटे फोटो होते आणि केशोरावांचा एक मोठा. खाली ‘अजिंक्य मुर्री’. चौथ्यानंतर गजेंद्र बोलताना ‘माझी पद्धत’ असा शब्द वापरायला लागला. पाचव्यानंतर चहाच्या टपरीवर पूर्वी धानाच्या भावाबद्दल जी माहितगार मंडळी बोलत, ती आता रिंकीच्या मनगटाबद्दल बोलू लागली.

योगराजभाऊंना विचारलं तर ते म्हणत, “अजून सांगता येत नाही.”

“पाचात पाच, काकाजी,” गजेंद्र म्हणाला. “अजून काय पायजे तुमाले?”

“पाचही एकाच बांधीत ना गा?”

इथं त्यांचं म्हणणं खरं होतं. बाकीच्या गावांची मैदानं सरकारी खरेदीच्या धानानं भरलेली होती. पोत्यांच्या थप्प्या, वर ताडपत्री, बाजूला एक झोपलेला चौकीदार. त्यामुळे पहिले पाचही सामने मुर्रीत आले, आणि मुर्रीचं मैदान म्हणजे कापणी झालेली धानाची बांधी. चारी बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा उतरता बांध, आत घोट्याएवढी धसकटं. चेंडू एकदा धसकटात गेला की पाहुण्या मुली बावरून उभ्या राहत. मुर्रीच्या मुलींचा जन्म वाकून रोवणी करण्यात आणि वाकून लोंब्या वेचण्यात गेलेला. त्या वाकत आणि चेंडू घेऊनच वर येत. दुसऱ्या सामन्यात तर पाहुण्यांना चेंडू सापडेपर्यंत मुर्रीच्या तीन मुली चारही बेस फिरून येऊन पाणी पीत बसल्या होत्या.

योगराजभाऊंनी एकेक सामना ताटलीत घेऊन निवडला. पहिल्यात समोरची पिचर आली नव्हती, तिचा साखरपुडा होता. दुसऱ्यात धसकटं. तिसऱ्यात धुकं, फलंदाज मुलीला चेंडू दिसायच्या आधी कॅचरच्या हातात वाजलेला ऐकू येत होता. चौथ्यात पाहुण्यांचा टेम्पो बंद पडला आणि त्या शेवटचे तीन किलोमीटर चालत आल्या. चार सामन्यांचा हिशेब असा व्यवस्थित लागला. पाचव्याला मात्र काहीच झालं नव्हतं. ऊन चांगलं, संघ पूर्ण, टेम्पो वेळेवर, चेंडू फारसा धसकटात गेलाही नाही, आणि मुर्री नऊ-दोननं जिंकली. या सामन्यानं योगराजभाऊ सगळ्यात जास्त अस्वस्थ झाले. कारण सापडत नव्हतं.

एरवी ही अस्वस्थता त्यांनी पानाबरोबर थुंकून टाकली असती. पण रिंकीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची फेरी लांबत लांबत याच डिसेंबरात येऊन पडली होती. गोंदियातल्या एका नर्सिंग स्कूलला तिचं नाव लागलं होतं. हजर व्हायची शेवटची तारीख सोमवार. त्या दिवशी गेली नाही तर जागा पुढच्या मुलीला.

आणि गजेंद्र अंगणात येऊन सांगून गेला होता, “काकाजी, नर्सिंग कुठं पळून जाऊन राहिलं का? तिले एक साल नागपूरले ठेवा प्रॅक्टिसले. असा हात जिल्ह्यात नाही.”

“जिल्ह्यात आठ हात आहेत,” सुखवंताबाई म्हणाल्या. योगराजभाऊंच्या पत्नी. त्या कमी बोलत, पण बोलल्या की समोरचा आपली सायकल शोधू लागे.

मग सुखवंताबाईंनी रिंकीला विचारलं. ती म्हणाली, “बाबूजी म्हणतीन ते.”

“तुले काय वाटते ते सांग ना वं.”

“मले खेळाले आवडते. पण मी चांगली खेळतो का आमाले तुक्का लागून राहिला, ते मले नाही समजत. बाबूजीले समजते. ते पास म्हणतीन तं नागपूर, फेल म्हणतीन तं नर्सिंग.”

असा लॉट योगराजभाऊंच्या पुढं कधी आला नव्हता.

ते कामाला लागले. मिलमधून सुटले की थेट बांधीवर जात आणि धुऱ्यावर बसत. खिशात मूठभर तांदूळ. रिंकीनं सरळ फेकला की एक दाणा उजव्या खिशात, वाकडा गेला की डाव्या. शंभर झाले की घरी. पहिल्या दिवशी उजव्या खिशात एकसष्ट दाणे निघाले, दुसऱ्या दिवशी अठ्ठावन्न, तिसऱ्या दिवशी चौसष्ट. सदरे धुताना सुखवंताबाईंच्या हातात भिजलेला तांदूळ येऊ लागला.

“अजी, पोरीले असं पाहतात का?”

“मंग कसं पाहतात?”

“डोळ्यानं.”

“डोळा फसते.”

“मंग खिसा नाही फसत का?”

योगराजभाऊंनी उजवा खिसा ताटलीत उलटा केला.  खरी अडचण अशी होती की शंभरात साठ हे चांगलं की वाईट, हे त्यांना माहीत नव्हतं. तांदळात तुकड्याची मर्यादा सरकार ठरवून देतं. मुलीची कोणी ठरवून दिलेली नव्हती. त्यांनी गजेंद्रला विचारलं. गजेंद्रनं मोबाइलवर बराच वेळ शोधलं आणि सांगितलं, “काकाजी, अमेरिकेत वेगळं मोजतात.”

शनिवारी सहावा सामना अर्जुनी मोरगावला होता. तिथली धानाची पोती नुकतीच उचलली होती, म्हणून मैदान मोकळं झालं होतं. योगराजभाऊंनी रजा टाकली. एकतीस वर्षांत त्यांनी रजा टाकल्याचं मिलला आठवत नव्हतं. चुन्नीलाल शेठनं विचारलं, “योगराज, तबियत ठीक है ना?”

“एक लॉट देखने जाना है, शेठजी.”

“बाहर का?”

“घर का.”

शेठना वाटलं, मुलीला पाहायला मंडळी येत आहेत. त्यांनी शुभेच्छा दिल्या.

संघ सकाळच्या रेल्वेगाडीनं निघाला. केशोरावही निघाले. त्यांच्याजवळ गुंडाळलेला फ्लेक्स होता, मैदानावर लावायला. गजेंद्र डब्यात उभा राहून मुलींना ‘माझी पद्धत’ समजावत होता, आणि मुली एकमेकींच्या वेण्या घालत होत्या.

अर्जुनीचं मैदान योगराजभाऊंनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून पाहिलं. ते सपाट होतं. धुरा नाही, धसकटं नाहीत. रोलर फिरवलेला, पाणी मारलेलं. चेंडू जिथं पडला तिथं सगळ्यांना सारखा दिसत होता. हे मुर्रीच्या खेळाच्या मुळावर येणारं होतं.

आलंही. मुर्रीच्या मुली वाकत आणि चेंडू त्यांच्या बाजूनं निघून जाई, कारण तो कुठंच अडत नव्हता. रिंकीचंही काही खरं नव्हतं. घरी ती धुऱ्याच्या उतारावर उभी राहून फेकत असे. इथं पाय सपाट जमिनीवर होते आणि चेंडू हातभर वरून जात होता. पहिल्या पाच इनिंगमध्ये योगराजभाऊंचा डावा खिसा फुगला. मग शेवटच्या दोन इनिंगमध्ये काय झालं कोण जाणे, रिंकी एक पाऊल मागं सरकली, खांदा खाली घेतला आणि लागोपाठ सहा मुली बाद केल्या. तोवर सामना संपलेला होता. तेरा-दोन.

केशोरावांनी फ्लेक्स उलगडलाच नव्हता. परतीच्या गाडीत ते त्यावर बसून आले.

रविवारी सकाळी टपरीवर निकाल लागला होता. तुक्का होता. सगळ्यांना तो पहिल्यापासून ठाऊक होता. धसकटांमुळे जिंकत होते, हे आता जो-तो स्वतःचा शोध म्हणून सांगत होता. रिंकीच्या मनगटाबद्दल बोलणारी मंडळी परत धानाच्या भावाकडं वळली होती.

“तुमी तं आधीच म्हटलं होतं, योगराजभाऊ,” केशोराव मोठ्या मनानं म्हणाले. “फेल.”

“मी फेल म्हटलं नव्हतं. सांगता येत नाही म्हटलं होतं.”

“आता तं येते ना सांगता?”

“एक परखी खालून मारली फक्त. अजून सहा सामने आहेत.”

“अगा पण उद्या सोमवार आहे.”

सोमवार आहे हे योगराजभाऊंना माहीत होतं. हरलो म्हणून लोक जितक्या झटकन उलटले, तितक्याच झटकन पाच विजयांनंतर ते भुलले होते. दोन्ही वेळा पोतं तेच होतं. ते घरी आले. अंगणात सुखवंताबाई वाल निवडत होत्या, रिंकी त्यांना मदत करत होती. तिच्याजवळ प्रवेशाच्या कागदांची फाइल होती आणि फाइलवर बेसबॉलचा हातमोजा. बहुधा मुद्दामच.

“बाबूजी, सांगा आता,” ती म्हणाली.

योगराजभाऊ खाटेवर बसले. ताटलीत माल घेऊन पाहिल्यासारखे बराच वेळ अंगणाकडं पाहत राहिले.

“मी नाही सांगत,” ते शेवटी म्हणाले.

“काऊन?”

“तुले वाटते मी कधी चुकलो नाही. तुयी मायही तेच म्हणते.”

“मी कवा म्हटलं?” सुखवंताबाईंनी मान वर केली नाही.

“मिलमध्ये लागलो, तं पयले तीन मयने पोते उचलाले होतो. परखीवाला बिमार पडला. शेठ म्हणे, तू मार आज. मले परखी कशी धरतात तेही माहीत नव्हतं. दोन ट्रक आले, दोन्ही पास म्हणून सांगितले. तिसरा आला. मी विचार केला, तिसराही पास म्हटला तं शेठले वाटीन का मी पाहूनच नाही राहिलो. म्हणून म्हटलं, फेल.”

रिंकीचे हात थांबले.

“ट्रकवाला भांडाले लागला. शेठनं मधली पोती फोडली. तं आत सोंडे. पूर्ण माल किडलेला. शेठ साऱ्या बाजारात सांगत फिरले, लड़के के हाथ में नज़र है. त्या दिवसापासून परखी माह्या हातात.”

“म्हणजे तुक्का,” रिंकी म्हणाली.

“पूरा तुक्का. मंग तीन साल भीत भीत काम केलं. पोते पहायचो कमी, शेठच्या तोंडाकडं पहायचो जास्ती.”

सुखवंताबाईंनी वालाचं सूप बाजूला ठेवलं.

“थांबा. आमच्या बाबूजीनं तुमचं नाव त्याच ट्रकावरून ऐकलं होतं. ‘पोरगा आतला माल ओळखते’ म्हणे. तेवढ्यावर मले देली.”

योगराजभाऊ खाटेची सैल दोरी ताणू लागले.

“म्हणजे मी सोंड्यांच्या भरवशावर या घरात आली.”

“हो,” योगराजभाऊ म्हणाले. खोटं बोलण्याची वेळ निघून गेली होती.

सुखवंताबाईंनी थोडा वेळ विचार केला. अठ्ठावीस वर्षांचा संसार त्यांनी वरून, मधून आणि खालून पाहिला असावा. मग सूप पुन्हा मांडीवर घेतलं. “ठीक आहे,” म्हणाल्या. निकाल एवढाच. पास की फेल, ते योगराजभाऊंनी विचारलं नाही.

“मंग काम कवा आलं तुमाले?” रिंकीनं विचारलं.

“चवथ्या साली.”

“कसं समजलं का आता येते म्हणून?”

हे त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं. “चुकलो तवा,” ते सावकाश म्हणाले. “आधी चुकायचो तं वाटे, नशीब खराब. मंग एक दिवस चुकलो, अन् कुठं चुकलो ते दिसलं. परखी तिरपी गेली होती. दुसऱ्या दिवशी सरळ मारली.”

 वालाची एक शेंग रिंकीनं उगाच सोलली, परत टोपलीत टाकली.

“काल मले दिसलं,” ती म्हणाली.

“काय?”

“पाच इनिंग मी वर फेकून राहिली होती. घरी उतारावर पाय असते, तसाच हात सोडत होती. सहावीत समजलं. एक पाय मागं घेतला, खांदा पाडला. मंग बरोबर गेले.”

योगराजभाऊंनी खिशाला हात लावला. कालचा सदरा अजून धुतलेला नव्हता. त्या सहा मुली, ते शेवटचे दाणे, कोणत्या खिशात गेले ते त्यांना नेमकं आठवत होतं. पाचव्या सामन्याचं कारण सापडलं होतं, आणि ते त्यांनी शोधलेल्या कुठल्याच ठिकाणी नव्हतं.

“तू तुक्का नाहीस,” ते म्हणाले.  “कच्ची आहेस. पण तुक्का नाहीस.”

रिंकीचा चेहरा उजळला. सुखवंताबाईंना वाटलं, झालं, गेली पोरगी नागपूरला. त्यांनी फाइलकडं पाहिलं.

“अन् टीम?” रिंकीनं विचारलं.

योगराजभाऊ अडखळले. इथं त्यांना संशय नव्हता; पण खात्री असताना सांगणं त्यांना कधीच एवढं जड गेलं नव्हतं. “टीम धसकटांच्या भरवशावर आहे,” ते म्हणाले.

“बाकीच्या आठ?”

“चांगल्या पोरी आहेत. खेळतात मजेनं. गजेंद्र त्यांना काही शिकवत नाही, कारण त्याले येत नाही.”

रिंकीनं मान हलवली. तिला हे नवं नसावं. “कोटा टीमले भेटते, बाबूजी. टीम राज्यात जिंकली तं. मी एकटी चांगली असून काय करू? बेसबॉल नऊ जणींचा आहे.”

 रस्त्यावरून गजेंद्रचा आवाज येत होता. अर्जुनीचं मैदान नियमापेक्षा जास्त सपाट होतं, असं तो कोणाला तरी पटवून देत होता.

“अन् नर्सिंग?” सुखवंताबाईंनी विचारलं.

“सुई एकटीनंच टोचता येते ना वं माय.” रिंकीनं हातमोजा उचलून खाटेवर, बापाच्या शेजारी ठेवला आणि फाइल घेऊन आत गेली. जरा वेळानं आतून विचारलं, “माह्या फोटोच्या कॉप्या कुठं आहेत?”  सुखवंताबाई फोटो शोधायला उठल्या. फोटो कुठं आहेत ते दोघींनाही माहीत होतं, तरी त्यांना सापडायला बराच वेळ लागला.

सोमवारी योगराजभाऊंनी लागोपाठ दुसरी रजा टाकली. नर्सिंग स्कूलच्या खिडकीवर लांब रांग होती. अर्जावर पालकाच्या सहीची जागा आली तेव्हा त्यांनी अर्ज पहिल्यापासून वाचायला घेतला.

“काकाजी, सही करा ना, मागं लाईन आहे,” खिडकीतली बाई म्हणाली.

“पूर्ण पाहून घेतो.”

“काय पाहायचं आहे त्यात?”

 बारापैकी सहाच सामने झाले होते. अर्ध्याच परख्या मारून सही करायची, आणि चुकलं तर लॉट परत येणार नव्हता.

“करा, बाबूजी,” रिंकी म्हणाली. “मीच म्हणून राहिली ना.”

त्यांनी सही केली. पेन परत देताना खिडकीतल्या बाईला विचारलं, “वर्ग कवापासून?”

“पंधरा जानेवारी.”

बाहेर आल्यावर रिंकीनं बोटांवर मोजलं. पंधरा तारखेपर्यंत तीन शनिवार होते. “तीन सामने भेटतात,” ती म्हणाली. “आमगावले, तिरोड्याले अन् एक घरी. येसाल का?”

“येतो.”

“खिसे रिकामे घेऊन या.”

योगराजभाऊ क्षणभर थांबले, मुलीच्या तोंडाकडं पाहिलं आणि बरं म्हणाले. मग दोघं स्कूटीकडं चालू लागले. ती पुढं, ते एक पाऊल मागं.